संस्थेचं पेज चालवायला घेताय? आधी वेळासला जाऊन या



मागच्या व्हिडिओत स्थानिक क्लायंट कुठून मिळवायचे यावर बोललो होतो. त्यात सामाजिक संस्थांचा मुद्दा वेळेअभावी दोन मिनिटांत आटपावा लागला. तो इथं नीट लिहून काढतोय.

आपल्या किनाऱ्यावर, उरणपासून हरिहरेश्वरपर्यंत, एकही नोंदणीकृत संस्था नाही असं गाव सापडणं कठीण. वाचनालय असतं, ग्रामविकास मंडळ असतं, त्याचं मुंबईकर मंडळ वेगळं असतं. कुठं विशेष मुलांची शाळा, कुठं गोशाळा, कुठं कासवाची अंडी राखणारी पोरं. या सगळ्यांना आता वाटायला लागलंय की आपणही ऑनलाइन आलं पाहिजे. आणि तुमच्यापैकी ज्यांनी डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केलाय, त्यांच्याकडे हे लोक येतात. मग पॅकेज ठरतं: महिन्याला बारा पोस्ट, चार रील, दोनदा बूस्ट, सणावाराच्या शुभेच्छा फुकट. तीन महिन्यांनी फॉलोअर्स वाढलेले असतात, देणगी मात्र होती तेवढीच. चौथ्या महिन्यात संस्था पैसे थांबवते आणि सेक्रेटरी काका चारचौघांत सांगत फिरतात, "ऑनलाइनचं काही खरं नाही."

माझं मत सरळ आहे. हॉटेलला किंवा मसाल्याच्या ब्रँडला जे पॅकेज विकता, तेच संस्थेला विकू नका. दुकानात गिऱ्हाईक पैसे देतं, वस्तू घेऊन जातं, व्यवहार पुरा होतो. संस्थेला पैसे देणारा माणूस रिकाम्या हातानं घरी जातो. त्याला जे मिळायचं ते नंतर मिळतं: आपल्या पैशाचं काय झालं याची खबर, आणि या कामात आपलाही हात आहे असं वाटणं. हे पोचवायची व्यवस्था संस्थेकडे नसेल, तर तुमची पोस्ट कितीही देखणी असो, ती पाण्यात गेली.

हे कसं करायचं हे शिकायला लांब जायला नको. हरिहरेश्वरच्या पुढं बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी घाला, पलीकडे वेश्वीला उतरा, बाणकोटवरून वेळास. नाना फडणवीसांचं मूळ गाव. जिल्हा रत्नागिरी लागतो, पण आपल्याला तर खाडीपलीकडचं शेजारचं गाव.

चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था भाऊ काटदरे यांनी १९९२ मध्ये सुरू केली. २००२ मध्ये समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी फिरताना त्यांना वेळासच्या किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. ती अंडी कुत्रे, कोल्हे आणि माणसं, तिघंही पळवायचे. संस्थेनं गावातल्या लोकांना बरोबर घेऊन घरटी शोधायला आणि कुंपणाच्या आत हलवायला सुरुवात केली. इथपर्यंत हे निसर्गसंवर्धनाचं काम झालं. आपल्या विषयाचा भाग पुढं आहे.

२००६-०७ च्या सुमारास कासव महोत्सव सुरू झाला. अंडी साधारण ४५ ते ६० दिवसांनी फुटतात. त्या काळात लोकांना बोलवायचं, गावातल्या घरांमध्येच राहायला ठेवायचं, घरचं जेवण द्यायचं, आणि सकाळी-संध्याकाळी पिल्लं समुद्रात जाताना दाखवायची. लक्षात घ्या, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, इन्स्टाग्राम नव्हतं, रील हा शब्द सिनेमावाल्यांचा होता. तरी पुण्या-मुंबईहून माणसं मंडणगड तालुक्याच्या टोकाला, मिट्ट अंधाऱ्या रस्त्यानं यायला लागली.

मी तिथं जाऊन धंद्याच्या नजरेनं बघितलं तेव्हा तीन-चार गोष्टी ठळक दिसल्या. पहिली म्हणजे, खोटं आश्वासन नाही. पिल्लं आज बाहेर येतील याची हमी कुणी देत नाही. सकाळी टोपली उचलायची. खाली पिल्लं असली तर असली, नाही तर संध्याकाळी परत या. आता हीच गोष्ट तुमच्या एखाद्या मार्केटिंगवाल्याकडे दिली असती तर त्यानं "शंभर टक्के कासव दर्शन" असं छापलं असतं. खरं सांगितल्यामुळं काय होतं बघा. ज्याला पिल्लं दिसली नाहीत तो चिडून जात नाही, त्याला पुढच्या वर्षी परत यायचं असतं. आणि ज्याला दिसली, त्याला आपण नशीबवान आहोत असं वाटतं, तो दहा जणांना सांगतो.

दुसरं, येणाऱ्याला तिथं काम आहे. दोरीच्या मागं उभं राहायचं, टॉर्च मारायचा नाही, फ्लॅश नाही, पिल्लांना हात लावायचा नाही, वाळूत पाय जपून टाकायचे. नियम जाचक वाटतील म्हणून बऱ्याच संस्था लोकांना काही सांगायलाच घाबरतात. उलट आहे. नियम पाळून माणूस त्या कामाचा भागीदार होतो. घरी गेल्यावर तो "मी कासवं बघितली" असं कमी सांगतो, "आम्ही सगळे गप्प उभे होतो आणि मग ती निघाली" असं सांगतो. या वाक्यातलं "आम्ही" कुठल्याही बूस्टनं विकत मिळत नाही.

तिसरं, पैसा गावात राहतो. राहणं-जेवणं गावातल्या घरांत असल्यामुळं कासवाचं अंडं आता विकायच्या मोलाचं राहिलं नाही, राखायच्या मोलाचं झालं. पुढं हे काम गावकरी आणि वनविभागानं हातात घेतलं, तरी गाडी थांबली नाही. होमस्टे काढू बघणाऱ्यांनी हे खास नोंदवून ठेवा, कारण तिथल्या घरमालकांचा धंदा एका संस्थेनं कमावलेल्या विश्वासावर उभा आहे.

आता आपल्या बाजूचं बोलू. दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळ, इथंही कासवं येतात, कासवमित्र रात्री किनारा फिरतात. आणि इथंच मला रीलची भीती वाटते. एखादा पोरगा पिल्लू तळहातावर घेऊन, मागं गाणं लावून रील टाकतो. पाच लाख व्ह्यूज. तो रायगडचा इन्फ्लुएन्सर झाला. पण ऑलिव्ह रिडले हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. म्हणजे ते रील जाहिरात नाही, स्वतःविरुद्ध स्वतःच दिलेला पुरावा आहे. शिवाय त्या पाच लाखांतले किती जण श्रीवर्धनला येणार? आणि पाच हजार जण खरंच एका शनिवारी आले तर त्या वाळूचं काय होणार? दुकानाला गर्दी झाली तर गल्ल्यात भर पडते. किनाऱ्याला गर्दी झाली तर ज्यासाठी लोक आले तीच गोष्ट जाते. म्हणून अशा संस्थेचं काम घ्याल तेव्हा पहिला प्रश्न विचारा: तुम्हाला एका वेळी किती माणसं झेपतात? उत्तर पन्नास असेल तर मार्केटिंग पन्नासांसाठीच करायचं.

कासवांवरून आणखी एक उदाहरण. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवून तिला समुद्रात सोडलं. नाव ठेवलं प्रथमा. पाठोपाठ सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री. काम भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानचं, म्हणजे सरकारी अंगाचं. पण लोकांना जोडून ठेवायचा धडा म्हणून मला ते अव्वल वाटतं. कासव एक, नाव एक, नकाशावर ठिपका एक. प्रथमा गुजरातकडे गेली, रेवा कर्नाटकाकडे. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. मराठी पेपरांत बातम्या येत राहिल्या, आणि एरवी संवर्धनाच्या नावानं जांभई देणारी माणसं "बागेश्री आता कुठं आहे?" विचारू लागली. लक्ष्मीचा सिग्नल लवकरच बंद पडला, तेही सांगितलं गेलं.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडच्या संस्थांच्या पेजवर वाईट बातमी कधीच नसते. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, मान्यवर, ग्रुप फोटो. शाळेतली दोन मुलं यंदा सोडून गेली, बोअरला पाणी लागलं नाही, गाडी बंद पडली म्हणून तीन आठवडे रुग्ण आणता आले नाहीत, हे कुणी लिहीत नाही. आणि नेमकं हेच वाचून देणारा हात खिशात जातो, कारण त्याला आपली गरज कुठं आहे ते कळतं. दीपप्रज्वलनाच्या फोटोला मदत कशाला लागेल?

पाणी फाउंडेशनचं उदाहरण बरेच जण देतात, आणि लगेच म्हणतात, "त्यांच्याकडे आमिर खान होता." होता ना. पण आमिर खाननं मागितलं काय ते बघा. २०१६ मध्ये वॉटर कप तीन तालुक्यांत सुरू झाला, २०१७ ला ३० तालुके, २०१८ ला ७५. आधी गावातली माणसं प्रशिक्षणाला न्यायची, मग ४५ दिवस श्रमदान. शहरातल्यांसाठी १ मे २०१८ चं महाश्रमदान: नाव नोंदवा, जलमित्र व्हा, अमुक गावात जाऊन कुदळ मारा. पैसे मागायच्या आधी घाम मागितला, तारीख आणि जागा सांगून मागितला. एवढं करायला सिनेस्टार लागत नाही. "आम्हाला सहकार्य करा" या वाक्यावर कुणीच काही करू शकत नाही. "येत्या रविवारी सकाळी आठ ते अकरा वाचनालयाची पुस्तकं उन्हात काढायची आहेत, सहा माणसं हवीत" यावर सहा माणसं येतात. त्यातले दोघं पुढं वार्षिक वर्गणीदार होतात.

पनवेल तालुक्यात, कर्नाळ्याच्या पुढं महामार्गालगत तारा आहे. तिथं डॉ. जी. जी. परीख यांच्या पुढाकारानं १९६१ साली स्थापन झालेल्या युसूफ मेहेरअली सेंटरचं काम चालतं. घाणीचं तेल, साबण, मातीची भांडी. कोकणात जाता-येता माणूस तेलाची बाटली घ्यायला थांबतो आणि संस्थेची ओळख घेऊन निघतो. वस्तू विकणं म्हणजे संस्थेचं पावित्र्य गेलं असं मानणाऱ्या विश्वस्तांना हे दाखवा. बाटली संपते तेव्हा संस्थेची आठवण परत होते. फेसबुकच्या पोस्टला एवढं आयुष्य नसतं.

आता आपल्या जखमेवर येतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब पडले, कित्येक गावांत लाईट नाही, रेंज नाही. वर लॉकडाऊन. मुंबईतल्या चाकरमान्याला आई-बाप कसे आहेत ते कळेना. त्या दिवसांत मदत कुणाकडून वेगानं पोचली? ज्या मंडळांकडे घरटी यादी होती त्यांच्याकडून. कुणाच्या घरात म्हातारी एकटी, कुणाचं छप्पर पत्र्याचं, मुंबईत कुणाचा टेम्पो आहे, ही माहिती वहीत लिहिलेली असलेल्यांकडून. फॉलोअर्सचा आकडा तेव्हा कुणी विचारला नाही.

आणि मग दुसरी बाजू. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड फिरायला लागले. काही खरे, काही कुणाचे ते आजही कळलेलं नाही. पत्रे, ताडपत्र्या, किराणा, सोलर दिवे आले. फोटो निघाले. दोन महिन्यांत सगळं शांत. पोफळ नव्यानं लावली तर सुपारी धरायला पाच-सहा वर्षं सहज जातात. म्हणजे मदतीची गरज वर्षांची आणि लोकांचं लक्ष आठवड्यांचं. ज्यानं तेव्हा पाचशे रुपये पाठवले, त्याला वर्षानंतर त्याच वाडीचा एक फोटो, "तुमच्या पैशातून आणलेली रोपं एवढी झाली" म्हणून पाठवणारी संस्था माझ्या बघण्यात फार थोडी. तो फोटो काढायला काही खर्च नव्हता. तो गेला असता तर जुलै २०२१ मध्ये महाडला पूर आला, तळीयेवर दरड कोसळली, तेव्हा त्याच माणसांना हाक मारायला तोंड राहिलं असतं. मी हे पुन्हापुन्हा सांगतो म्हणून कंटाळू नका. या किनाऱ्यावर पुढचं वादळ येणार आहे आणि यादी वादळाच्या आधीच करायची असते.

पैशाबद्दल जरा कडक बोलतो, कारण इथं तुम्हीही अडकू शकता. संस्थेच्या कामासाठी क्यूआर कोड तुमच्या किंवा अध्यक्षांच्या वैयक्तिक खात्याचा कधीही लावू नका, "तात्पुरता" म्हणूनसुद्धा नाही. खातं संस्थेच्या नावाचं, स्कॅन केल्यावर संस्थेचंच नाव दिसलं पाहिजे. गणेशोत्सव मंडळंसुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क खाली परवानगी मागतात. नोंदणी नसलेल्या ग्रुपच्या नावानं "चला मदत करूया" म्हणून पैसे गोळा करण्याआधी हे आठवा.

८०जी ची सवलत जाहिरातीत लिहायची असेल तर संस्थेचं प्रमाणपत्र चालू आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर ती मिळत नाही. शिवाय २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेनं देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे भरून प्रत्येकाला १०बीई हे प्रमाणपत्र द्यायचं असतं. म्हणजे पैसे घेतानाच पॅन नंबर घ्यायला हवा. मार्च संपल्यावर तीनशे जणांना फोन करून पॅन मागणं काय असतं ते एकदा करून बघा. आणि नव्या करप्रणालीत ही वजावट मिळतच नाही. नोकरदार वर्ग तिकडं सरकत चाललाय, त्यामुळं "टॅक्स वाचवा" या एका ओळीवर देणगी मागायचे दिवस संपत आलेत असं माझं मत आहे. उरतं ते नातं.

परदेशातल्या आपल्या माणसांचं विचारतात. दुबईत नोकरीला असलेल्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलानं स्वतःच्या कमाईतून बँकेच्या मार्गानं पाठवलेली देणगी विदेशी धरली जात नाही. तोच मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला, की त्याचे पैसे एफसीआरए खाली येतात. ती नोंदणी नसेल तर घ्यायचेच नाहीत. असेल तर ते दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. इथं अर्धवट ज्ञानावर पोस्ट टाकू नका, संस्थेच्या सीएला विचारा.

साधनांवर थोडक्यात. गुगल पात्र संस्थांना महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती फुकट देतं, हे ऐकून बरेच जण उड्या मारतात. पण त्या जाहिराती शोधणाऱ्यालाच दिसतात. तुमच्या गावच्या वाचनालयाला गुगलवर कोण शोधतंय? कर्करोग, दत्तक मूल, व्यसनमुक्ती अशा विषयांतल्या संस्थांना त्याचा उपयोग मोठा, बाकीच्यांनी त्यामागं वेळ घालवू नये. आपल्या लोकांसाठी व्हॉट्सअ‍ॅपच खरं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. याला लोक अडचण म्हणतात. मला तीच गाळणी वाटते. महिन्यातून एक मेसेज, आवाजात, संस्थेत प्रत्यक्ष काम करणाऱ्या बाईंच्या किंवा दादांच्या तोंडून, एक मिनिटाचा. एजन्सीच्या भाषेत नको. रोज सुविचार पाठवणारी संस्था म्यूट होते.

आता तुमची फी. फुकट करू नका. फुकट केलेलं काम दिवाळीत मागं पडतं आणि संस्थेलाही हक्कानं विचारता येत नाही. ठरलेली रक्कम घ्या, बिल द्या. मात्र जमलेल्या देणगीवर टक्केवारी कधीच घेऊ नका. कुणी पाचशे रुपये दिले आणि त्यातले पंचाहत्तर तुमच्या खिशात गेले हे एकदा गावात कळलं, की तुमचं नाव तर जातंच, संस्थेचंही जातं, आणि गावात ते कळतंच.

पहिल्या दिवशी पासवर्ड मागू नका. संस्थेचं कपाट उघडायला सांगा. त्यात गेल्या वीस वर्षांची पावतीपुस्तकं असतात, स्थळप्रतींवर नावं असतात, पत्ते असतात, कधी लँडलाईनचे नंबर असतात. कुणी आईच्या वर्षश्राद्धाला दिलेत, कुणी मुलगी दहावी पास झाली म्हणून. ही माणसं एकदा देऊन गेली आणि त्यांना पुन्हा कुणी फोनच केला नाही. एका वहीत सगळी उतरवा: नाव, गाव, किती, कशासाठी, आता कुठं असतात. मग रोज पाच फोन, पैसे न मागता, नुसतं विचारायला की तुम्ही दिलं होतं ते आठवतं का, आणि त्याचं पुढं काय झालं ते सांगू का. दोन-तीनशे नावांच्या वहीला पहिला दीड-दोन महिना यातच जातो, पेजवर तोवर एकही पोस्ट पडत नाही. कोटेशनमध्ये या दिवसांचेही पैसे वेगळे लिहा, आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये ते का, हे आधीच सांगून ठेवा.